सेंद्रिय भाजी परवडत नाही? आधी या चुका टाळा

मेथीची सेंद्रिय जुडी ३० रुपयांना, मंडईतली २० ला. दहाच रुपयांचा तर फरक, म्हणून जुडी पिशवीत पडते. एकदा दोन्ही जुड्या काट्यावर ठेवा. सेंद्रिय जुडी १५० ग्रॅम भरली आणि मंडईतली ३००, तर भाव झाला किलोला २०० रुपये विरुद्ध ६७. म्हणजे तिप्पट. जुडी, वाटा, पाकीट असल्या मापांत भाव कळतच नाही, त्यामुळे किलोचा भाव काढल्याशिवाय तुलना करू नका. मटार तर सोलल्यावर जेमतेम निम्मा उरतो. तिथे शेंगांचा नव्हे, दाण्यांचा भाव धरायचा.

सगळंच सेंद्रिय घेण्याचा हट्ट

बहुतेकांचं बजेट इथेच कोसळतं. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्या आठवड्यात बिल बघून सगळंच बंद. त्यापेक्षा जिथे फवारण्या जास्त आणि साल काढता येत नाही, तिथे पैसे घाला. द्राक्षं पहिल्या नंबरावर. ऑक्टोबर छाटणीपासून माल काढेपर्यंत बागेवर केवडा आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी फवारणी चालू असते आणि द्राक्ष आपण सालीसकट खातो. त्यामागोमाग मिरची (फुलकिड्यांसाठी सतत फवारणी), फ्लॉवर (पतंगाची अळी गड्ड्यात शिरते, औषधही तिथेच बसतं), वांगी, भेंडी आणि कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर.

कढीपत्ता कुणाच्या यादीत नसतो, पण असायला हवा. भारतातून जाणारा कढीपत्ता आणि भेंडी या दोन्हींवर युरोपीय संघाने कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी जादा तपासणी लावली होती. कढीपत्ता सेंद्रिय विकतही घेऊ नका. बारा इंची कुंडीत एक रोप लावलं, ऊन मिळालं, की घरापुरतं भागतं.

केळी, नारळ, फणस, अननस, मक्याची कणसं, कांदा, लाल भोपळा, सुरण मात्र साधे घेतले तरी चालतील. यांची साल किंवा वरचं आवरण आपण फेकतोच. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषलं जाणारं कीटकनाशक सालीखालीही उतरतं हे खरं, पण हात आखडता असेल तर काटकसर इथेच करावी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी घ्या. रानात आपोआप उगवणाऱ्या भाजीवर फवारायला कोण जातंय! फक्त हमरस्त्याच्या किंवा नाल्याच्या कडेची नको. शेवळं ही रानभाजी घेतलीत तर सोबत काकडं ही आंबट रानफळंही मागून घ्या, नाहीतर घसा खाजेल.

पाटी वाचून पैसे मोजणं

‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’, ‘फार्म फ्रेश’ या शब्दांसाठी जादा पैसे देऊ नका. ‘रेसिड्यू फ्री’ माल सेंद्रिय नसतो. त्यावर रासायनिक औषधं मारलेली असू शकतात, फक्त काढणीआधी पुरेसे दिवस थांबून अवशेष मर्यादेत आणलेले असतात. हायड्रोपोनिक पालक तर पाण्यात विरघळवलेल्या खतांवर वाढतो. दोन्ही वाईट नाहीत, पण त्यांना सेंद्रियचा भाव कशाला?

पाकिटावर ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह बघा, त्यासोबत एनपीओपी (बाहेरच्या संस्थेकडून प्रमाणीकरण) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची तपासणी करून दिलेलं प्रमाणीकरण) यांपैकी एकाचं. ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे जमीन अजून रूपांतराच्या काळात आहे, पूर्ण सेंद्रिय झालेली नाही. हा माल स्वस्त मिळाला तर जरूर घ्या, पूर्ण भाव मात्र देऊ नका. स्टॉलवर प्रमाणपत्र लटकत असेल तर त्यात पिकाचं नाव आणि मुदत वाचा. प्रमाणपत्र हळदीचं आणि समोर ढीग फ्लॉवरचा, असंही असतं.

स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्याला फक्त चिन्ह वापरता येत नाही. स्वस्त सेंद्रिय भाजी मिळते ती बहुधा याच्याकडेच, पण पारख आपली आपण करायची. त्यासाठी एक प्रश्न पुरतो: ‘दादा, फ्लॉवरवर अळी पडली तेव्हा काय मारलं?’ ‘पाच टक्के निंबोळी अर्क’, ‘दशपर्णी’ (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क), ‘कामगंध सापळे लावले’ (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे सापळे) असं ठोस उत्तर आलं तर माणूस शेतात राबणारा आहे. ‘आम्ही काहीच मारत नाही’ असं फ्लॉवर विकणारा म्हणाला, तर पुढच्या स्टॉलवर जा.

आणि किडकं वांगं म्हणजे सेंद्रिय, ही समजूत सोडा. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर पडली की लगेच फळात शिरते, मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. भरपूर औषध मारलेल्या वांग्यातही ती सापडते.

आठवड्याची टोपली एकदम भरणं

महाग भाजी सडवण्याइतकं महाग काही नाही. पालेभाजी दोन-तीन दिवसांचीच घ्या. कोथिंबीर धुऊन फ्रीजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी चिकट होते, कारण पानांत अडकलेलं पाणी कुजवतं. पिवळी पानं वेचा, न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळा, कापड दमट झालं की बदला. पालक लवकर पिवळा पडत असेल तर शेजारी पिकलेली केळी, सफरचंद किंवा टोमॅटो आहेत का बघा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात.

टोमॅटोची गोष्ट वेगळी. तो हंगामात एकदम घेण्यात फायदा आहे. सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी मिळून २० किलोचं क्रेट शेतकऱ्याकडून उचला आणि वाटून घ्या. लहान-मोठा, डागी माल चालेल असं आधीच सांगितलं तर भाव आणखी खाली येतो. सार-चटणीला गोलाई कोण बघतं?

सेंद्रिय आहे, धुवायची काय गरज?

गरज आहे. शेणखत, जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रावण) आणि माती यांतून जंतू येतात, म्हणून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाच. साध्या द्राक्षं-सफरचंदांसाठी एक लिटर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे खाण्याचा सोडा घालून फळं १५ मिनिटं बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. पृष्ठभागावरचे काही अवशेष याने बऱ्यापैकी निघतात, आत मुरलेले निघत नाहीत. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका. फ्लॉवर अख्खा बुडवू नका, आधी तुरे सुटे करा, नाहीतर पाणी आतपर्यंत जातच नाही.