युद्धानंतरच्या इंग्लिश उपनगरात कुठली सेवा कोण द्यायचं, हे कसं शोधायचं

१९४५ नंतरच्या इंग्लंडमधल्या एखाद्या उपनगरावर लिहायचं असेल, तर "कौन्सिलने शाळा काढली, कौन्सिलने कचरा उचलला, कौन्सिलने घरं बांधली" असं सगळं एकाच खात्यावर टाकू नका. बहुतेक उपनगरांत एकाच घरावर दोन कौन्सिल असायच्या, खाली गावापुरती डिस्ट्रिक्ट किंवा बरो, वर अनेक गावांची मिळून काउंटी. कुठलं काम कोणाचं हे कळल्याशिवाय कोणाला श्रेय द्यायचं आणि कोणाला जाब विचारायचा तेच ठरत नाही.

म्हणून सुरुवात गाव आणि वर्ष पक्कं करण्यापासून करा. उदाहरणार्थ लंडनजवळचं हॅरो घ्या. १९३४ ते १९५४ अर्बन डिस्ट्रिक्ट, मग म्युनिसिपल बरो (दोन्ही खालच्या पायरीचेच प्रकार), आणि या सगळ्या काळात वर मिडलसेक्स काउंटी कौन्सिल. आता क्रॉयडन बघा, तेही उपनगरच, पण ते १९६५ पर्यंत काउंटी बरो होतं, म्हणजे शाळेपासून गटारापर्यंत सगळं एकाच कौन्सिलकडे. दोन्हीकडच्या बायका सकाळी तोच डस्टबिन बाहेर ठेवायच्या, पण मुलाच्या शाळेबद्दल तक्रार असेल तर जायचं ऑफिस वेगळं.

दोन पायऱ्या असतील तिथे ढोबळ वाटणी अशी. घरं, कचरा, गटारं, गल्लीबोळातले रस्ते, बागा, पोहण्याचे तलाव, भाजीपाल्यासाठी भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे हे खालच्या कौन्सिलचं. शाळा, मोठे रस्ते, अनाथ मुलांची सोय, अँब्युलन्स, घरी येऊन बाळ बघणारी हेल्थ व्हिजिटर, आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाच्या घरी कामाला येणारी होम हेल्प हे काउंटीचं. लायब्ररी मात्र गावागणिक तपासावी लागते, कुठे बरोची, कुठे काउंटीची. शाळा काउंटीच्या असल्या तरी काही मोठ्या डिस्ट्रिक्टना रोजच्या कारभारात हात घालता यायचा, तेव्हा तेही बघून घ्या.

मग तारखा. १९४८ हे वर्ष फार जपून हाताळा, कारण एका वर्षात अर्धी वाटणी बदलली. १ एप्रिलला वीज राष्ट्रीय झाली, म्हणजे ज्या कौन्सिलची स्वतःची वीज कंपनी होती तिची ती गेली, त्याच दिवशी फायर ब्रिगेड राष्ट्रीय सेवेतून काउंट्या आणि काउंटी बरोंकडे परत आली. १ जुलैला नवा टाउन प्लॅनिंगचा कायदा लागू झाला आणि ५ जुलैला हॉस्पिटलं नॅशनल हेल्थ सर्व्हिसकडे गेली. गॅस पुढच्या वर्षी, १ मे १९४९ ला. त्यामुळे १९५० सालच्या कौन्सिलने हॉस्पिटल चालवलं असं कुठे वाचलं तर तिथेच थांबा आणि तारीख परत बघा.

आता माझ्या मते सगळ्यात कामाचा कागद, रेट्सची डिमांड नोट, म्हणजे घरपट्टीचं बिल. त्यावर कुठल्या मुख्य सेवेला पौंडामागे किती लागतात हे छापलेलं असायचं. हिशोब सोपा आहे. समजा घराची रेटेबल व्हॅल्यू, म्हणजे पट्टी बसवण्यासाठी धरलेलं वर्षाचं भाडं, ३० पौंड आणि रेट पौंडामागे १८ शिलिंग (तेव्हा पौंडाचे २० शिलिंग), तर ५४० शिलिंग, म्हणजे वर्षाचे २७ पौंड. काउंटी स्वतः बिल पाठवायची नाही, ती आपला आकडा खालच्या कौन्सिलला कळवायची आणि खालच्या कौन्सिलने तो वसूल करून वर द्यायचा. म्हणजे बिलावर नाव खालच्या कौन्सिलचं पण त्यातला मोठा वाटा शाळांचा, आणि रेट वाढला की राग बिल पाठवणाऱ्यावर. दुसरं एक माप लक्षात ठेवा, एक पेनी रेट. गावाची एकूण रेटेबल व्हॅल्यू १२ लाख पौंड असेल तर पौंडामागे एक पेनी वाढवून ५,००० पौंड येतात (तेव्हा पौंडाचे २४० पेन्स), आणि कुठलंही नवं काम परवडेल की नाही हे याच मापाने बघितलं जायचं.

घरांचं प्रकरण नीट वेळ देऊन वाचा, कारण माणसं तिथेच दिसतात. १९४६ च्या कायद्याने साधारण प्रत्येक नव्या कौन्सिल घरामागे ६० वर्षं दरवर्षी २२ पौंड अनुदान ठरलं, १६ पौंड १० शिलिंग सरकारचे, ५ पौंड १० शिलिंग रेट्समधून. म्हणजे मिनिट्समध्ये, कौन्सिलच्या सभांच्या इतिवृत्तात, १०० घरं मंजूर दिसली की समजायचं, गावाने वर्षाला ५५० पौंडांचं ओझं साठ वर्षांसाठी अंगावर घेतलंय, शिवाय बांधकामाचं कर्ज वेगळं आणि त्याला मंत्रालयाची परवानगी लागायची. घर कोणाला द्यायचं हे बऱ्याच ठिकाणी पॉइंट्सवर ठरायचं: एका खोलीत किती जण, मुलं किती, घरात टीबी आहे का, गावात किती वर्षं राहताय. हे पॉइंट्स प्रत्येक कौन्सिलचे आपापले, म्हणून शेजारच्या गावाची यादी बघून आपल्या गावाबद्दल काही लिहू नका. आणि ती यादी मिळालीच तर हळू वाचा, सासूसासऱ्यांच्या घरातल्या एका खोलीत लेकरांसकट राहणाऱ्या जोडप्याचं अख्खं आयुष्य त्या आकड्यांत असतं.

मिनिट्स वाचताना क्रम लक्षात ठेवा. आधी कमिटीची शिफारस, मग पूर्ण कौन्सिलची मंजुरी. विषय कमिटीकडे परत पाठवला असं दिसलं तर तिथे भांडण झालेलं असतं, मग त्या आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र काढा, कारण मिनिट्समध्ये निर्णय असतो, कोण काय बोललं ते सहसा नसतं. सोबत मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थचा, म्हणजे कौन्सिलच्या आरोग्य अधिकाऱ्याचा, वार्षिक रिपोर्ट घ्याच. त्यात सॅनिटरी इन्स्पेक्टरने किती गटारं तपासली, उंदरांच्या तक्रारी किती, आइस्क्रीमचे नमुने कसे निघाले असं सगळं असतं, मला तर भाषणांपेक्षा हे जास्त खरं वाटतं. १९५६ पासून हेच इन्स्पेक्टर पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर झाले, त्याच वर्षी क्लीन एअर अ‍ॅक्ट आला आणि कुठल्या रस्त्यांवर धुराचा कोळसा बंद करायचा तेही स्थानिक कौन्सिलच ठरवायला लागल्या.

कागद कुठे मिळतील? खालच्या कौन्सिलचे बहुतेक त्या भागाच्या लोकल आर्काइव्हमध्ये, मिडलसेक्स काउंटीचे द लंडन आर्काइव्ह्जमध्ये (२०२४ पर्यंतचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज), मंत्रालयाच्या फायली लंडनमधल्या क्यू (Kew) इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. लंडनभोवतीची बहुतेक उपनगरं १ एप्रिल १९६५ ला नव्या बरोंमध्ये गेली, बाकी इंग्लंडमधले अर्बन डिस्ट्रिक्ट १ एप्रिल १९७४ ला संपले, तेव्हा जुन्या कौन्सिलचं नाव कॅटलॉगमध्ये सापडलं नाही तर तिची वारस कौन्सिल कोणती ते काढा आणि त्या नावाखाली शोधा.