मेंदूच्या स्कॅनमधले मिसळलेले संकेत वेगळे कसे करावेत

मिरवणुकीत नाशिक ढोल घुमत असताना मेन रोडवर तीन ठिकाणी मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग केलं, तर ढोल, ताशा, झांजा तिन्हींत येतील, फक्त कमी-जास्त प्रमाणात. अशा मिश्रणांतून मूळ आवाज सोडवणारं गणित म्हणजे इंडिपेंडंट कॉम्पोनंट ॲनालिसिस, म्हणजेच आयसीए. १९९८ मध्ये मॅककिओन आणि सहकाऱ्यांनी ते एफएमआरआयच्या, म्हणजे रक्तातल्या बदलांवरून मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनच्या, डेटावर वापरून दाखवलं. तिथे मेंदूचं काम, हृदयाचे ठोके, श्वास आणि डोक्याची हालचाल यांची अशीच सरमिसळ असते. फरक एवढाच, की इथे स्वतंत्रता सहसा वेळेत नाही, जागेत शोधतात.

शिकायला स्कॅनर लागत नाही. ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या खुल्या संग्रहावरून एकाच व्यक्तीचा, नुसतं पडून राहिलेला असतानाचा स्कॅन उतरवा. अख्खा डेटासेट घ्यायच्या फंदात पडू नका. असे स्कॅन तपासायचं एफएसएल हे सॉफ्टवेअर अभ्यासासाठी मोफत आहे. विंडोजवर त्याआधी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय, टाकावं लागतं.

एफएसएलमधलं आयसीए करणारं मेलोडिक उघडा. हालचालीची दुरुस्ती चालू ठेवा, स्मूदिंग (चित्र किंचित धूसर करणं) ५ मिलिमीटर, हाय-पास (फार संथ बदल काढणारा फिल्टर) १०० सेकंद. टीआर, म्हणजे दोन चित्रांमधलं वेळेचं अंतर, बरोबर आहे ना ते पाहा. घटक, म्हणजे सुटे केलेले संकेत, किती काढायचे ते पहिल्या वेळी प्रोग्रामलाच ठरवू द्या.

‘एवढा खटाटोप कशाला, हृदयाच्या ठोक्यांसारख्या वेगवान लहरी फिल्टरने कापून टाकू’ असं वाटेल. ते चालत नाही. मिनिटाला ६३ ठोके म्हणजे १.०५ हर्ट्झ. टीआर २ सेकंद असेल तर हीच लहर ०.०५ हर्ट्झची होऊन समोर येते, नेमकी मेंदूच्या संथ चढउतारांच्या पट्ट्यात. फिल्टरला ती ओळखूच येत नाही.

आता खरं काम: एकेक घटक डोळ्यांनी तपासणं. आधी तो घटक मेंदूत कुठे आहे हे दाखवणारा नकाशा पाहा. डाग करड्या भागावर, म्हणजे चेतापेशी असलेल्या थरावर, नीट बसलेत का? मेंदूच्या कडेने गोल कडं दिसलं तर बहुधा डोकं हललंय. एकाआड एक काप पट्टेरी दिसले तरी तोच संशय घ्या. पोकळ्यांमधला द्रव आणि मोठ्या शिरा यांवरचे डाग बाद. मग वेळेचा आलेख: अचानक उसळी दिसली तर हालचालीच्या नोंदीशी ताडून पाहा. घटकाचं अधिक-उणे चिन्ह मनावर घेऊ नका, ते आयसीएत उलटसुलट येऊ शकतं.

शंका असेल तो घटक ठेवा. नवशिके हात धुऊन मागे लागतात आणि कचऱ्याबरोबर संकेतही फेकतात.

बाद घटकांचे क्रमांक एफएसएलमधल्या रेगफिल्टला द्या, ते घटक डेटातून काढायचं काम तो करतो, पण ‘ॲग्रेसिव्ह’ पर्याय बंदच असू द्या; नाहीतर त्या घटकांशी सामायिक असलेला चांगला संकेतही जातो.

दुसऱ्या व्यक्तीचा स्कॅन घेतलात की ही तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा. एकाचा सातवा घटक दुसऱ्याच्या सातव्याशी जुळत नाही.