शहरातल्या पुतळ्यांचं रेकॉर्ड कसं ठेवायचं

शहरातले पुतळे, कारंजी, भित्तिचित्रं यांचं रेकॉर्ड ठेवायचं काम तुमच्याकडे आलं असेल तर पहिली गोष्ट, यादी नावावरून करू नका आणि जागेवरूनही करू नका. मुंबईचंच घ्या. १८७९ साली सातव्या एडवर्डचा (तेव्हा तो प्रिन्स ऑफ वेल्स होता) घोड्यावरचा पुतळा बसला, अल्बर्ट ससूनने दिलेला, शिल्पकार जोसेफ बोहम, आणि लोक त्या जागेला काळा घोडा म्हणायला लागले. १९६५ ला पुतळा उचलून राणीच्या बागेत नेला, जागेचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. मग २०१७ ला तिथे नवीन घोडा आला, स्वार नसलेला. आता यादीत नुसतं 'काळा घोडा' लिहिलंत तर पुढे वाचणाऱ्याने कुठला घोडा समजायचा? फ्लोरा फाउंटनचंही तसंच, १८६४ चं कारंजं, मुळात राणीच्या बागेसाठी ठरलेलं, उभं राहिलं फोर्टात.

म्हणून प्रत्येक कलाकृतीला एक नंबर द्यायचा, १ पासून सरळ. त्या नंबरात वॉर्ड, साल, रस्त्याचं नाव काहीही घुसवायचं नाही कारण हे सगळं बदलतं. पुतळा चोरीला गेला, पडला, वितळवला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. जागेचा तक्ता वेगळा ठेवा: कधीपासून कधीपर्यंत कुठे होता, कोणाच्या ठरावाने हलवला, नस्ती (फाइल) क्रमांक काय. लोक काय म्हणतात तेही लिहा, भायखळ्यातल्या उंच खांबावरच्या पुतळ्याला खडा पारशी म्हटल्याशिवाय तिथे तुम्हाला कोणी रस्ता दाखवणार नाही.

मग प्रत्यक्ष जागेवर जा. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना, दुपारच्या उन्हात फोटो सपाट येतात. सोबत टेप, बारीक टॉर्च, मऊ ब्रश, पेन्सिल आणि एक छोटं लोहचुंबक. लोहचुंबक ब्राँझला चिकटत नाही, लोखंडाला चिकटतं, एवढ्यानेच यादीतल्या बऱ्याच चुका निघतात. खडा पारशीचा खांब ओतीव लोखंडाचा आहे, वर उभी असलेली मूर्ती ब्राँझची, म्हणजे एकाच कामात दोन धातू आणि दोघांची गंजायची तऱ्हा वेगळी, तर दोन्ही वेगळे नोंदवा. बोटाच्या पेराने टकटक केलं आणि डब्यासारखा हलका पोकळ आवाज आला तर फायबर असू शकतं. चार बाजूंनी चार फोटो, वरून शक्य असेल तर एक, आणि चौथऱ्याचे वेगळे. प्रत्येक फोटोत मापाची पट्टी ठेवा.

आता सही शोधायची, आणि यात वेळ द्या, घाई करू नका. कोनशिलेवर अनावरण करणाऱ्या पाहुण्यांचं नाव असतं, अध्यक्षांचं असतं, देणगीदारांचं असतं, आणि ज्याने महिनोन्महिने मातीत हात घालून ते बनवलं त्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच. मला याचं खरंच वाईट वाटतं. गिरगाव चौपाटीवरचे टिळक रघुनाथ फडक्यांनी केलेत, पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा विनायकराव करमरकरांनी केलाय, पण रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे विचारा. सही सहसा मूर्तीच्याच तळाच्या कडेला मिळते, मागच्या बाजूला, पायाजवळ, कधी शालीच्या घडीत. फौंड्रीचं (जिथे पुतळा ओतला त्या कारखान्याचं) नाव असलं तर तेही तिथेच कुठेतरी.

मी एका छोट्या बागेतल्या अर्धपुतळ्याची नोंद करत होते, दरवर्षी जयंतीला चंदेरी ऑइलपेंट मारून मारून त्याचे डोळेसुद्धा बुजलेले. कागदपत्रांत शिल्पकाराच्या नावापुढे रेघ. तिथले माळीकाका म्हणाले ताई, मागे खांद्याखाली काहीतरी खरबरीत लागतं हाताला, मी रोज धुतो ना. संध्याकाळी अंधार पडल्यावर परत गेले, टॉर्च पुतळ्याला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि हळूहळू फिरवला, तर रंगाच्या थराखालून आधी एक काना दिसला, मग दोन आद्याक्षरं, मग १९३४. काकांनी टॉर्च धरला आणि मी फोटो काढले, सोळा काढले तेव्हा दोन नीट आले. हा आडवा प्रकाश सगळ्यात कामाचा. खडू घासू नका, पीठ चोळू नका, तेल तर मुळीच लावू नका, आणि रंग खरवडायचा तर अजिबात नाही, ते कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुन्या कलाकृती जपणाऱ्या तज्ज्ञाचं काम आहे. आपण फक्त रंगाचे किती थर दिसतात आणि कुठले ते लिहायचं.

पुतळ्याच्या तब्येतीची नोंद करताना हिरवं दिसलं की घाबरू नका. ब्राँझवर घट्ट बसलेला हिरवा थर वर्षानुवर्षांचा असतो, पण फिकट हिरवी भुकटी, बोटाला लागेल अशी, ठिपक्याठिपक्यांनी दिसली तर ती क्लोराइडमुळे, खाऱ्या हवेत हे होतं, आणि ते आतून धातू खातं. ते लगेच कळवा. 'खराब', 'बरा' असे शब्द नकोत, 'डाव्या टाचेला ४ सेंमी भेग' असं लिहा.

तारखा तीन वेगळ्या ठेवा: काम सांगितलं कधी, ओतकाम कधी, अनावरण कधी. यांत कधीकधी कित्येक वर्षांचं अंतर असतं आणि जुन्या याद्यांमध्ये सर्रास एकीच्या जागी दुसरी लिहिलेली असते.

कागदांबद्दल थोडक्यात. टाचण्या काढा, गंजतात. सेलोटेप आणि लॅमिनेशन नको म्हणजे नको, जुना फोटो एकदा लॅमिनेट झाला की परत सोडवता येत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता हे लक्षात ठेवून रेकॉर्ड रूममध्ये सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका, मध्ये टीपकागद घालून पंख्याखाली. स्कॅनच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

आणि करारपत्र शोधा, मिळेपर्यंत शोधा. दिल्लीत विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प होतं, १९७९ ला ते काढून गोदामात टाकलं, तुकडे झाले, सहगल कोर्टात गेले आणि २००५ ला दिल्ली हायकोर्टाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि ५ लाख भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे काम सरकारच्या मालकीचं असलं तरी कलाकाराचा हक्क संपत नाही, म्हणून कलाकाराचा किंवा वारसांचा पत्ता तुमच्या नोंदीत हवाच. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो छापायला कायद्याने अडचण नाही, पण भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्राला ही सवलत लागू नाही, तिथे लेखी परवानगी घ्या.

दरवर्षी पावसाळा संपला की सगळी फेरी पुन्हा करायची, त्याच कोनातून तेच फोटो. आणि प्रत्येक ठिकाणी माळी, हारवाले, चहावाले यांपैकी एकाकडे तुमचा फोन नंबर देऊन ठेवा. त्या बागेतल्या काकांचा मला गेल्या पावसात फोन आला, ताई, कंत्राटदाराची माणसं रंगाचे डबे घेऊन आलीयेत, काय करू? मी म्हटलं त्यांना चहा पाजा, मी निघाले.