उत्तर चुकत नाही, प्रश्न चुकतो: विज्ञानाचे ‘का?’ सोडवताना या चुका टाळा

‘पौर्णिमेला चंद्र मोठा असतो म्हणून समुद्राला उधाण येतं, तेव्हा त्याची ओढ किती वाढते?’ या प्रश्नावर मुलं लगेच गुरुत्वाकर्षणाचं सूत्र मांडतात आणि तिथेच फसतात. प्रश्नाने तीन गोष्टी परस्पर गृहीत धरल्यात: चंद्र मोठा होतो, त्याने ओढ वाढते, आणि उधाण पौर्णिमेचंच असतं.

ही गृहीतकं आधी सुटी करून एकेका ओळीत लिहा. तपासायला शेवटच्यापासून घ्या, कारण ते डोळ्यांनी पाहता येतं. ओहोटीला जेटीच्या खांबावर दर १० सेंटिमीटरला खूण करा. भरती कुठवर चढली ते आणि वेळ, तिथीसह महिनाभर लिहा. सगळ्यात मोठं पाणी बहुधा पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं, तेव्हा पौर्णिमेला मोजून थांबू नका. अमावस्येलाही उधाण येतं, आणि तेव्हा तर चंद्र दिसतही नाही! सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले की दोघांचा जोर एकवटतो. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात येतात आणि भांगाची, म्हणजे सगळ्यात लहान, भरती येते.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून सहाच्या सुमारास भरती. गावागणिक थोडी मागेपुढे होते, पण शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच. चंद्राच्या तेजाला त्यात जागाच नाही. (चंद्र पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा भरती खरोखर वाढते, पण ते पौर्णिमेलाच घडतं असं नाही.)

दुसरी चूक अर्ध्या कारणावर थांबण्याची. ‘समुद्र जवळ म्हणून कोकणात पाऊस जास्त.’ मग समुद्र तिथेही आहे, तरी द्वारकेला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेरच का? कोकणपट्टीत साधारण ३,००० आणि घाटमाथ्यावरच्या आंबोलीत ७,००० च्या आसपास पडतो. बाष्प समुद्राचं खरं, पण सह्याद्री त्या वाऱ्याला वर चढवतो. वर गेलेली हवा थंड होते आणि पाणी सोडते. कारण सांगितलं की ते जिथे आहे पण परिणाम नाही, अशी एक जागा शोधायची.

‘पेंढ्याच्या उबेने आंबा पिकतो’ यात ऊब आणि कोंडलेली हवा एकत्र मिसळली आहे. ती वेगळी करा. एकाच दिवशी उतरवलेले, सारख्या तयारीचे सहा आंबे घ्या. तीन उघड्या ताटात, तीन पिकलेल्या केळ्याबरोबर बंद कागदी पिशवीत, दोन्ही एकाच खोलीत. पिशवीतले आधी रंग धरतात, कारण फळातून निघणारा इथिलीन वायू तिथे कोंडतो. ऊब मदत करते, पण एकटी पुरत नाही. कोवळे आंबे मात्र घेऊ नका. ते सुरकुततात आणि प्रयोग फसतो.

कधी चूक नावातच दडलेली असते. रात्री चमकणाऱ्या लाटांना लोक ‘फॉस्फरसचं पाणी’ म्हणतात आणि मग समुद्रात फॉस्फरस कुठून आला ते शोधत बसतात. ते पाणी काचेच्या बाटलीत घेऊन अंधारात हलवा: चमकतं. स्थिर ठेवा: विझतं. दाट सुती कापडातून गाळा आणि कापड हलकेच झटका. चमक कापडावर आलेली दिसेल, कारण ती नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्म जिवांची असते.