उजवा हात अडला, की डाव्याला कामाला लावताना

मनगट मोडून प्लास्टर बसलं, संधिवाताने बोटं आखडली किंवा खांदा जाम झाला, की सत्तरीतही डाव्या हाताला शिकवावं लागतं. (डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.) लकवा असेल तर मात्र आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. कमजोर हात वापरणं सोडलं, की तो आणखी मागे पडतो.

सुरुवात लिहिण्यापासून करू नका, वैताग येतो. पहिला आठवडा दात घासणं, नळ फिरवणं आणि चमच्याने पोहे खाणं, एवढंच. तर्री दुसऱ्याने वाढलेली बरी. डाव्या हाताने घास घेणं ज्यांना जिवावर येतं, त्यांची अडचण चमच्याने बरीच सुटते. मुठीत मावेल अशी जाड दांडी हवी. नसेल तर साध्या चमच्याला सुती कापड गुंडाळून रबर लावा. विळी, ब्लेडचा वस्तरा आणि गॅसवरचं गरम भांडं डाव्या हाताकडे इतक्यात देऊ नका.

संत्र्याच्या दिवसांत सराव फुकटचा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे देठाकडून अंगठा घातला की सुटते. उजवा हात धरायलाही येत नसेल, तर वाटीत ओलं फडकं ठेवून त्यात संत्रं दाबून बसवा.

आता लिहिणं. दुरेघी वही आणि 2बी पेन्सिल घ्या. वही छातीसमोर नको, थोडी डावीकडे सरकवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने साधारण 30 अंश फिरवा. पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटिमीटर वर धरा, म्हणजे लिहिलेलं दिसतं. मनगट ओळीच्या खाली राहू द्या. ते वरून वळवलं की हात आखडतो आणि शाईचं पेन असेल तर अक्षर पुसलं जातं.

आधी फक्त उभ्या रेघा, मग र, ग, म, न, त. खरी गंमत शिरोरेषेची. डाव्या हाताने ती डावीकडून उजवीकडे काढताना टोक पुढे ढकलावं लागतं, ते कागदात रुततं आणि रेघ थरथरते. म्हणून शब्द पूर्ण करा आणि रेघ उजवीकडून डावीकडे ओढा. शाळेत गुरुजींनी हे खपवून घेतलं नसतं, पण रेघ सरळ येते.

दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं पुरे. खांदा कानाकडे चढला किंवा बोटांची टोकं पांढरी पडली, तर पकड जास्त घट्ट झाली आहे. थांबा, हात झटका. नागपूरच्या मे महिन्यात घामाने पेन्सिल घसरते, तेव्हा सराव सकाळी लवकर उरका.

कात्री चालत नाही, यात हाताचा दोष नाही. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकांना घासतात, डाव्या हातात ती फाकतात आणि कागद दुमडतो. डाव्या हाताची कात्री मागवा.

बँकेत डाव्या हाताची सही न कळवता करू नका, नमुन्याशी जुळणार नाही. नवा नमुना द्या. सहीच जमत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याला तर सहीही लागत नाही, पेन्शनरांसाठीच्या ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सेवेत मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं.