सैल पडलेल्या वेताच्या बैठकीची दुरुस्ती

जुन्या बाजारात सागवानी खुर्ची स्वस्त मिळते ती बहुधा बैठकीची वेतजाळी लोंबलेली असते म्हणून. घेण्याआधी चौकट पाहा. ओळीने भोकं असतील तर जाळी हाताने विणलेली आहे, ती कारागिराकडेच द्या. सलग खाच आणि त्यात ठोकलेली पट्टी असेल तर काम घरी होतं.

वेत तुटलेला नसेल तर नवी जाळी आणूच नका. खुर्ची उलटी करून गरम पाण्यात पिळलेलं फडकं अर्धा तास ठेवा, मग सावलीत पूर्ण वाळू द्या. वरची चकचकीत साल पाणी शोषत नाही, म्हणून खालूनच. वाळताना वेत आकसतो नि बैठक ताठ होते.

तुटला असेल तर पट्टीवर गरम पाणी सोडून ती पटाशीने काढा, खाच खरवडा. नवी जाळी चारी बाजूंनी इंचभर जास्त कापून तासभर कोमट पाण्यात भिजवा. कोरडी ठोकली की खाचेच्या कडेवर तडकते. लाकडी पाचरीने आधी चारही बाजूंचे मध्य बसवा, कोपरे शेवटी. हाताने ताणायचा मोह टाळा. वाळताना ती आपोआप ताणते, आधीच ताणलेली कोपऱ्यात फाटते. जादा कडा खाचेच्या आत कापा, फेव्हिकॉल घाला, वीस मिनिटं भिजवलेली पट्टी ठोका. दोन दिवस बसू नका. इपॉक्सी नको, पुढच्या वेळी पट्टी निघणार नाही.

नवी जाळी जुन्या सागाशेजारी फिकट दिसते. रंगवायची घाई नको, वेत कालांतराने गडद होतोच.