इव्हान बिलिबिन यांच्या पद्धतीने चित्र कसे काढावे

रशियन लोककथांची चित्रे काढणारे इव्हान बिलिबिन (१८७६–१९४२) यांची शैली शिकायची असेल, तर रंगपेटी काही काळ बाजूला ठेवावी. त्यांच्या चित्रांत सारा भार रेषेवर असतो.

सुरुवात नक्षीच्या अभ्यासाने करावी. १९०२ ते १९०४ या काळात बिलिबिन व्होलोग्दा, अर्खांगेल्स्क अशा उत्तरेकडील प्रांतांत हिंडले. तेथील लाकडी चर्च, कोरीव काम, कशिदा आणि जुने पोशाख त्यांनी रेखाटून व छायाचित्रांत टिपून घेतले. त्यांच्या चित्रांभोवतीच्या चौकटींतील नक्षी ओढूनताणून आणलेली वाटत नाही, ती यामुळेच. आपणही मूळ कशिद्याच्या छायाचित्रावरून एकच आकृती निवडावी आणि समोर न ठेवता काढता येईपर्यंत ती गिरवावी.

मग कच्चे रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करावे. खाडाखोड काय ती येथेच उरकून घ्यावी, कारण एकदा चित्र जाड कागदावर उतरवले की पुढे शाईचे काम असते आणि तेथे चुकीला जागा नसते. शाईसाठी बिलिबिन बारीक केसांचा ब्रश घेत व त्याचे टोक तिरके छाटत, त्यामुळे तो छिन्नीसारखा चाले. त्यांच्या रेषेच्या ठामपणामुळे त्यांना ‘इव्हान पोलादी हात’ असे टोपणनाव पडले होते. घाईने ओढलेली रेषा नंतर रंगाने झाकता येत नाही, म्हणून माझ्या मते सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यावा. शाई न विरघळणारी असावी आणि ती पूर्ण वाळू द्यावी.

जलरंग शेवटी, आणि तेही सपाट भरावेत. एका रेषेने बंद झालेल्या जागेत एकच छटा, सावलीची चढउतार नाही.

सरावासाठी ‘झार साल्तान’ या रशियन कवी पुश्किनच्या कथेसाठी १९०५ मध्ये केलेले समुद्राचे चित्र घ्यावे. ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाखाली उसळलेल्या लाटेवर राणी आणि तिचे मूल बंद केलेले पिंप हेलकावत आहे. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेची आठवण करून देणाऱ्या या लाटेत फेसाचा प्रत्येक वळसा रेषेने बांधलेला आहे. आधी ती लाट नुसत्या शाईने काढावी. रंग नसतानाही पाणी उसळलेले दिसले, तरच निळ्या रंगाची बाटली उघडावी.